दाबला की बिस्मथही अतिवाहक होतो, तो कसा?

बिस्मथ हा वीज वाहून नेण्यात तसा कच्चाच धातू. त्याच्या स्फटिकात साधारण एक लाख अणूंमागे एकच इलेक्ट्रॉन मोकळा असतो. त्यामुळे साध्या दाबाखाली तो अतिवाहक होईल, म्हणजे विजेला शून्य रोध करील, अशी फारशी आशा नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2016 मध्ये ते करून दाखवले. पण तापमान 0.00053 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 273 अंशांच्या अगदी काठापर्यंत उतरवावे लागले.

हाच बिस्मथ हवेच्या सुमारे 25 हजार पट दाबाखाली ठेवला, की अणूंची मांडणीच बदलते. मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, त्यांच्या जोड्या जमतात आणि 4 केल्विनच्या आसपासच रोध संपतो. आणखी थोडे दाबले तर 7 केल्विनला.

दाब काढला की मांडणी पूर्ववत, आणि गुणही गेला. खरी अडचण तीच आहे.