मोटारीचा अलार्म आणि त्याची जोडणी

मोटारगाडीला मागाहून अलार्म बसवून घेणारा मनुष्य दुकानांत पहिला प्रश्न विचारतो तो सायरनच्या आवाजाविषयीं. माझ्या मतें ही चौकशी सर्वांत शेवटीं करावी. आमच्या गल्लींत एका गाडीचा सायरन ट्रक गेला तरी ओरडूं लागतो. आतां त्यासाठीं कोणी खिडकीसुद्धां उघडीत नाहीं. अलार्म गाडीच्या वायरिंगला कोठें आणि कसा जोडला आहे, हें अधिक महत्त्वाचें. चोर येईल किंवा येणारहि नाहीं. पण चुकीची जोडलेली तार रोज तुमच्या पायांजवळ, डॅशबोर्डाखालीं असते, आणि गाडी पेटविण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं असतें.

उदाहरणादाखल मारुति ८०० घेऊं. १९८३ सालीं निघालेल्या या गाडीचें उत्पादन २०१४ च्या आरंभीं बंद झालें, तरी तिची रचना साधी असल्यामुळें समजावून सांगण्यास ती फार सोयीची आहे. तिची बॅटरी १२ व्होल्टांची. बॅटरीच्या धन टोंकापासून तारा निघून दिवे, हॉर्न वगैरेंकडे जातात. ऋण टोंक मात्र गाडीच्या लोखंडी अंगालाच जोडलेलें असतें. वर्गांत हें सांगूं लागलों कीं एखादा मुलगा हटकून विचारी, ‘गुरुजी, परतीची तार कोठें आहे?’ सबंध गाडी हीच परतीची तार! म्हणून धन बाजूची एखादी उघडी तार कोठेंहि पत्र्याला टेकली, कीं मंडल तेथेंच पुरें होतें.

आणि बॅटरी कांहीं सौम्य वस्तु नव्हे. एंजिन सुरू करतांना स्टार्टरला ती शंभराहून अधिक अँपियर प्रवाह पुरविते. तोच प्रवाह अलार्मच्या बारीक तारेंतून गेला तर तिचें आवरण कांहीं क्षणांतच वितळेल. यासाठीं फ्यूज. फ्यूज अलार्मच्या यंत्राच्या रक्षणासाठीं असतो असा पुष्कळांचा समज आहे, परंतु तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत असावा. यंत्राजवळ फ्यूज बसविला, तर बोनेटमधून आंत येणारी मधली सगळी तार असुरक्षित राहते. आणि नेमकी तेथेंच, पत्र्याच्या भोंकांतून जातांना, ती घासली जाते. त्या भोंकाला रबराची कडी हवीच.

दार उघडल्याचें अलार्मला कसें कळतें? दाराच्या चौकटींतील जें बटण आंतला दिवा लावतें, त्याच्याच तारेवरून. मारुतीमध्यें हें बटण ती तार पत्र्याशीं, म्हणजे ऋण बाजूशीं, जोडतें. कांहीं इतर गाड्यांत मात्र बटण धन बाजूचा प्रवाह देतें. अलार्मच्या संचांत पुष्कळदां दोन्हीं प्रकारांसाठीं निरनिराळ्या तारा असतात. त्यांतली कोणती घ्यावी हें अंदाजानें ठरवूं नये; दार उघडून व मिटून मीटरवर व्होल्ट पाहावे. सिग्नलच्या दिव्यांच्या डाव्या व उजव्या तारांना अलार्मच्या दोन वेगळ्या तारा जोडाव्या लागतात. घाईनें त्या एकत्र पिळल्या, तर डावीकडे वळण्याची खूण करतांच दोन्हीं बाजूंचे दिवे लुकलुकूं लागतात.

तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सर्वत्र दिसते. उन्हानें पट्टीचा डिंक सुटतो, पावसाळ्यांत तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि मग अलार्म मध्यरात्रीं विनाकारण ओरडतो. सांध्याला डाख द्यावा, आणि वर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. ऋण तार रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टनें आवळावी.

आतां चोराला अडविण्याचा भाग. यासाठीं रिले वापरतात. त्याच्या टोंकांवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७अ असे आंकडे असतात. ८५ व ८६ ही आंतल्या वेटोळ्याचीं टोंकें. त्यांतून प्रवाह गेला कीं ३० आणि ८७अ यांचा संबंध तुटतो. चावीकडून स्टार्टरकडे जाणारी बारीक तार तोडून ती या दोहोंमधून न्यावी. वेटोळ्याचें एक टोंक चावी फिरविल्यावरच प्रवाह येणाऱ्या तारेला, दुसरें अलार्मला जोडावें. म्हणजे उभ्या गाडींत रिले कांहींच प्रवाह खात नाहीं, आणि अलार्म सर्वस्वी बिघडला तरी मालकाची गाडी सुरू होते.

कांहीं कारागीर स्टार्टरऐवजीं इग्निशनची तार तोडून देतात. स्टार्टर अडविलेली गाडी धक्का मारून सुरू करतां येते, हा त्यांचा आक्षेप खोटा नाहीं. परंतु इग्निशनच्या वाटेंतील रिले घाटांत दगा देईल तर एंजिन चालत्या गाडींत बंद पडेल. ज्या गाड्यांत ब्रेकला एंजिनाची मदत असते, तेथें ब्रेकहि जड होईल. चोराला धक्का मारण्याचे श्रम पडूं द्यावे. घरच्या माणसांना तो धोका नको.

गाडी उभी असतांनाहि अलार्म जागा असतो, आणि जागरणाला वीज लागते. त्याला २० मिलिअँपियर लागत असतील, तर महिन्यांत १४.४ अँपियर-तास खर्च होतात. ३५ अँपियर-तासांच्या बॅटरींतून ही दोनपंचमांश वजाबाकी झाली! दोन महिने गांवीं जाणाऱ्यानें बॅटरीचें ऋण टोंक सोडून ठेवावें.

नव्या गाड्यांत मात्र हें सगळें जसेंच्या तसें करूं नये. बॉश कंपनीनें १९८६ सालीं पुढें आणलेल्या ‘कॅन’ पद्धतींत एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोन तारांवरून गाडीचे निरनिराळे भाग संदेश पाठवितात. अशा तारेला दिवा लावून पाहणें म्हणजे दोघांच्या संभाषणांत तिसऱ्यानें ओरडणें. तेथें त्या गाडीसाठींच केलेला जोड-संच घ्यावा. आणि पिवळ्या आवरणाच्या तारा सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरहि लावूं नये. अल्प प्रवाहानेंहि पिशवी फुटूं शकते, आणि फुटते ती कारागिराच्या तोंडावर.

काम पुरें झाल्यावर कारागिराकडून एक कागद मागून घ्यावा: कोणत्या रंगाची तार कोठें जोडली, फ्यूज किती अँपियरचा व कोठें आहे, आणि रिमोट हरवल्यास अलार्म बंद करण्याचें बटण कोठें लपविलें आहे. हा कागद घरांत ठेवावा, गाडींत नव्हे.