सौजन्याचा अंक : चालू कामाची पायरी कशी बदलावी

संगणक एकाच वेळीं पुष्कळ कामें करतो असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याचें एकेक गणनकेंद्र एका क्षणीं एकच काम करीत असतें. कामांची रांग लागलेली असते. प्रत्येकास सेकंदाच्या अल्पशा अंशापुरती पाळी मिळते आणि ती संपतांच दुसरें काम पुढें येतें. पाळ्या इतक्या झपाट्यानें फिरतात कीं, पाहणाऱ्यास सारीं कामें एकदमच चाललेलीं दिसतात. एका संगणकाचा वेळ अनेकांत वांटून देण्याची ही रीत अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांनीं १९६१ सालीं चालवून दाखविली. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत युनिक्स प्रणालीचा आरंभ झाला, आणि आजची लिनक्स ही त्याच वळणाची प्रणाली होय. परंतु सर्वांस पाळी सारखीच मिळावी काय, हा प्रश्न राहतोच.

त्र्यंबकेश्वराच्या रहिवाशांस हा प्रश्न नवा नाहीं. सिंहस्थांत शाही स्नानाच्या दिवशीं कुशावर्तावर कोणता आखाडा कोणामागून उतरणार, हें आगाऊ ठरविलेलें असतें. कारण कुंड एक आणि स्नानार्थी अगणित. क्रम बदलल्यानें कुंड मोठें होत नाहीं. एकास आधीं सोडलें तर दुसऱ्यास तितका वेळ थांबावें लागतें. संगणकाच्या वेळाचेंही नेमकें असेंच आहे.

याच क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. समजा, अशा एका घरीं जुन्या पानांचीं छायाचित्रें संगणकांत घेतलीं असून तीं उजळ करून लहान आकारांत बसविण्याचें काम पहांटेपासून चाललें आहे. यंत्राचीं सारीं केंद्रें त्यांत गुंतलीं आहेत. इतक्यांत दूरगांवचा यजमान दाराशीं येतो. त्यास पणजोबांची नोंद पाहावयाची आहे आणि परतीची गाडीही गांठावयाची आहे. परंतु शोध कांहीं केल्या पुढें सरकत नाहीं. चाललेलें काम तोडावें तर सकाळची मेहनत वायां जाते. तसेंच चालूं द्यावें तर यजमान विन्मुख परततो. अशा वेळीं तिसरा मार्ग आहे : काम न थांबवितां त्याची पायरी खालीं आणणें.

प्रत्येक चालू कामास, म्हणजे प्रोसेसला, एक क्रमांक असतो आणि त्याखेरीज ‘नाइस’ नांवाचा एक अंक असतो. नाइस म्हणजे भला, सौजन्यशील. हा अंक उणे २० पासून १९ पर्यंत असूं शकतो. कांहीं न सांगितल्यास तो शून्य धरतात. नवशिक्याची फसगत येथेंच होते. अंक मोठा म्हणजे मान मोठा, असें नव्हे. अंक जितका मोठा तितकें तें काम इतरांस अधिक वाट देतें. उणे अंकाचें काम मात्र आपला हक्क जोरानें सांगतें.

कृति सोपी आहे. टर्मिनलच्या खिडकींत प्रथम ‘टॉप’ ही आज्ञा द्यावी. कोणतें काम किती वेळ खात आहे, हें समोर दिसतें. ‘पी आय् डी’ या मथळ्याखालीं कामाचा क्रमांक असतो, तर ‘एन् आय्’ या मथळ्याखालीं सौजन्याचा अंक. ‘क्यू’ अक्षर दाबून बाहेर यावें. कामाचा क्रमांक ४३२१ असेल तर ‘रीनाइस’ हा शब्द, मग आडवी रेघ व तिला लागून एन्, मग १०, पुन्हां रेघ व तिला लागून पी, आणि शेवटीं ४३२१, असें एका ओळींत इंग्रजी लहान अक्षरांत लिहावें. काम अजून सुरू व्हावयाचें असल्यास त्याच्या आज्ञेपूर्वीं नुसतें ‘नाइस’ लिहिलें तरी अंक दहानें वाढतो.

या दहाचा परिणाम किती? लिनक्समध्यें शून्य अंकास १०२४ भार दिलेला आहे, १० ला ११० आणि १९ ला केवळ १५. एकाच केंद्रासाठीं झगडणाऱ्या दोन कामांत वेळ याच प्रमाणांत वांटला जातो. म्हणजे शून्याच्या कामास शंभरांतील सुमारें नव्वद भाग मिळतात व दहाच्या कामास उरलेले दहा. १९ चें कामही अगदींच उपाशी राहत नाहीं. त्यास दीड भाग तरी मिळतोच. शिवाय शोध संपून यंत्र मोकळें झालें कीं, मागें सरलेलें काम पुन्हां सारा वेळ घेऊं लागतें. अंक पूर्ववत् करण्याची आवश्यकता पडत नाहीं.

तें बरेंच, कारण पूर्ववत् करणें सामान्य वापरणाऱ्याच्या हातीं सहसा नसतें. त्यास स्वतःच्या कामाचा अंक वाढवितां येतो, परंतु एकदां वाढविलेला अंक उतरवितां येत नाहीं. दुसऱ्याच्या कामास तर हात लावतां येत नाहीं. तो अधिकार ‘रूट’ या मुख्य व्यवस्थापकाचा. आपला वांटा सोडण्यास कोणाची परवानगी नको, दुसऱ्याचा घेण्यास मात्र हवी, असा हा न्याय आहे.

मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. काम तबकडीवरील वाचन-लेखनासाठीं अडलें असेल किंवा स्मृति अपुरी पडत असेल, तर या अंकानें फारसें साधत नाहीं. वाचन-लेखनाच्या क्रमासाठीं ‘आयोनाइस’ ही निराळी आज्ञा आहे. तसेंच २०११ पासून लिनक्समध्यें ‘ऑटोग्रुप’ ही सोय आली. ती चालू असल्यास निरनिराळ्या खिडक्यांतून सुरू केलेल्या कामांचे स्वतंत्र गट पडतात, आणि अंकाचा प्रभाव ज्या त्या गटापुरताच उरतो. अंक बदलूनही फरक दिसला नाहीं तर आज्ञा चुकली असें समजण्यापूर्वीं हें पाहावें; तेथें गटाचाच अंक बदलावा लागतो.

एकंदरींत या आज्ञेनें यंत्राची शक्ति तिळमात्र वाढत नाहीं. उतावळीचें काम कोणतें आणि थांबूं शकणारें कोणतें, हें यंत्रास उमजत नाहीं. तें माणसानेंच ठरवावयाचें असतें, आणि ठरलेला निर्णय यंत्रास सांगण्याचें साधन म्हणजे हा लहानसा अंक.