परग्रहावरचे पाहुणे

दुसऱ्या ग्रहावरचे पाहुणे आले, तर त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावे? १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतील अभिवादने आहेत. या भाषांत मराठी आहे आणि तुमची उर्दूही आहे. उर्दूतील अभिवादन अर्थातच सलामाने सुरू होते!

पण पाहुण्यांचा संदेश आला, तर उत्तर कोणी द्यावे? एका देशाने घाईने काही कळवले, तर परिणाम साऱ्या पृथ्वीला भोगावे लागतील. म्हणून १९८९ साली शास्त्रज्ञांनी काही नियम ठरवले. आधी संदेशाची खात्री करावी, मग तो जगाला सांगावा आणि देशादेशांत विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर देऊ नये. मात्र हा कायदा नव्हे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा नाही.