जलूदहून अन्नपूर्णेपर्यंत

इंदूरमध्ये अन्नपूर्णा रोडच्या आजूबाजूला, लोकमान्यनगरच्या मराठी घरांतही, सकाळची पहिली चौकशी असते, ‘नर्मदा आली का?’ धुण्याभांड्यांना बोअरिंगचं पाणी चालतं, प्यायला नर्मदाच लागते. बहुतेक भागांत ती एक दिवसाआड येते, म्हणून तेवढ्या वेळात हौद भरून घ्यावा लागतो.

हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. गाव सुमारे 70 किलोमीटर दूर, शिवाय खाली निमाडात. तिथे नदीचं पाणी उपसून तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि क्लोरीन देतात. मग टप्प्याटप्प्याचे पंप ते विंध्याच्या माथ्यावर, वांचू पॉइंटला चढवतात. हा चढ 500 मीटरांहून जास्त आहे. तिथून पुढे शहरातल्या टाक्यांपर्यंत पाणी उताराने आपोआप येतं.

होळकरांनी गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर वाढत्या शहराला पुरेना, तेव्हा 1970 मध्ये इंदूरकर नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले. योजनेच्या पहिल्या टप्प्याचं पाणी 1978 मध्ये आलं. पुढच्या विस्ताराला आशियाई विकास बँकेचं कर्ज लागलं. पण बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पंपांच्या विजेचं बिल दर महिन्याला येतं. ते कमी करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले, 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. हे रोखे सामान्य माणसालाही घेता आले. पाण्यासाठी पैसा उभा करायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

खरी कसोटी मात्र गल्लीत लागते. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आतला दाब जातो. जवळून ड्रेनेजची लाइन जात असेल, ती पाझरत असेल आणि पाण्याच्या पाइपचा सांधाही सैल असेल, तर घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला तीच आधी नळातून बाहेर पडते. डिसेंबर 2025 मध्ये याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने माणसं दगावली. नाल्यांत सुटणारं सांडपाणी अडवून कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवणारं, त्यासाठी 2021 मध्ये ‘वॉटर प्लस’ दर्जा मिळवणारं देशातलं पहिलं हे शहर! नाल्यावर जेवढा पैसा आणि लक्ष गेलं, तेवढंच गल्लीतल्या जुन्या पाइपवर जायला हवं.

पाइप सतत भरलेला ठेवला तर दाब आतून बाहेर राहतो आणि घाणीला वाट मिळत नाही. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने घरोघरी मीटर बसवून, जास्त वापराला चढा दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. मोठ्या शहरात यासाठी गल्ली न् गल्ली खोदावी लागते. दहा लाखांहून मोठ्या शहराला ‘अमृत 2.0’ या केंद्रीय योजनेतून केंद्राचा वाटा 25 टक्केच मिळतो, बाकीचा भार राज्य आणि महापालिकेवर येतो.

तोवर घरी एक तपासणी करता येते. नळाचं ताजं पाणी छोट्या नळीत घेऊन क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टचे थेंब टाकायचे. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. नळापाशी ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवं. रंग आलाच नाही, तर ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही आणि त्याच दिवशी झोन ऑफिसात लेखी तक्रार द्यायची.