बळ दंडात की कमरेत?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल, तर रापणकरांचे हात आठवून पाहा. दोन दोर, दोन रांगा, वाळूत रोवलेले पाय आणि मागे रेललेली अंगे. मुरलेल्या रापणकराचा हात जवळजवळ सरळ असतो. ओढतात ते पाय आणि अंगाचे वजन. हौसेने दोर धरणारा पाहुणा मात्र कोपर वाकवून दंडाने ओढतो आणि लगेच दमतो.

जपानी युद्धकला हेच शिकवतात. कराटेत एका हाताने ठोसा मारताना दुसरा कमरेशी खेचतात. त्याला ‘हिकिते’ म्हणतात. बळाचे मूळ नाभीखाली, ‘तांदेन’मध्ये मानतात. त्याभोवती गूढ बरेच जमले आहे, पण त्यातले बरेचसे शरीरशास्त्राने उलगडते.

आयकिडोतला ‘न वाकणारा हात’ घरी करून बघा. तळहात वर, कोपर खाली, हात किंचित वाकलेला. मनगट समोरच्याच्या खांद्यावर ठेवा. त्याने कोपराच्या खळगीवर हळूहळू दाब द्यायचा. आधी मूठ घट्ट आवळून विरोध करा. मग बोटे सैल सोडून हात दूर भिंतीपर्यंत लांबवतो आहोत अशी कल्पना करा. दुसऱ्या वेळी हात वाकवणे बहुधा जड जाते. (दाब दोन्ही वेळा सारखा हवा, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो! कोपर दुखरे असेल तर हा खेळ नको.) दंडामागचा स्नायू कोपर सरळ करतो, पुढचा वाकवतो. मूठ आवळून जोर केला की दोन्ही ताठरतात, म्हणजे पुढचा स्नायू नकळत समोरच्यालाच मदत करतो.

आणि तांदेन? ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९०च्या दशकात दाखवले, की हात झटकन उचलताना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हाताच्या स्नायूंच्याही आधी आवळतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांत त्याला उशीर होत होता.

कोपर अंगालगत ठेवण्यामागे साधी तरफ आहे. १० किलोची बादली खांद्यापासून ६० सेंटिमीटर पुढे धरली, तर खांद्यावर येणारा पीळ २० सेंटिमीटरवर धरल्याच्या तिप्पट असतो. बादली असो वा गॅसची टाकी, आधी अंगाशी घ्या, मग गुडघ्यांतून उठा. कंबरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र उचलाउचल थांबवून डॉक्टरांना दाखवा.