गावात राहून साक्ष द्यायची म्हणजे

नगरच्या जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन गाजलेल्या खटल्यांचे निकाल दिले. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर झालेल्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात १८ तारखेला तिघे दोषी ठरले आणि २९ तारखेला तिघांना फाशीची शिक्षा झाली. मधल्या काळात, २३ तारखेला, खर्डा प्रकरणाचा निकाल लागला. त्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले.

खर्डा जामखेड तालुक्यात आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे बोलणे आहे, या संशयावरून त्याला शाळेपासूनच मारत नेले आणि ठार केले, अशी फिर्याद होती. घटना भरदिवसाची, सुरुवात शाळेच्या आवारातली. म्हणजे पाहणारे पुष्कळ असणार. पण न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. पोलिसांपुढे जे सांगितले, ते आठवत नाही किंवा आपण तसे बोललोच नाही, असे ते म्हणू लागले. शाळेशी संबंधित माणसेही त्यात होती.

कोपर्डीतली मुलगी मराठा समाजातली होती आणि दोषी ठरलेले तिघे दलित. त्या घटनेनंतर राज्यभर निघालेल्या मूक मोर्चांतून दलित-आदिवासींवरचे अत्याचार रोखणाऱ्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही झाली होती. त्यामुळे हे दोन निकाल शेजारी ठेवून ‘न्यायालयाने जात पाहिली’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. तो सोपा निष्कर्ष आहे. न्यायाधीशापुढे जे येते त्यावर तो निकाल देतो. खरा प्रश्न आहे तो त्याच्यापुढे काय येते, कोण आणते आणि वाटेत काय गळते हा. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ नेमके हेच तपासतात.

बार्बरा पेरी या अभ्यासिकेने २००१ मध्ये मांडले की असा गुन्हा एका माणसावर होतो, पण त्याचा निरोप त्याच्या सगळ्या समाजाला असतो: आपली पायरी ओलांडू नका. तिच्यासमोर अमेरिकेतला वंशद्वेष होता. तो निरोप नगर जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. शिर्डीत २०१५ मध्ये एका दलित तरुणाचा खून झाला आणि भांडणाचे निमित्त होते मोबाइलवर वाजलेली आंबेडकरांवरच्या गाण्याची रिंगटोन. ज्याला हा निरोप पोचतो, त्यालाच पुढे पिंजऱ्यात उभे राहून साक्ष द्यायची असते.

जिल्ह्याच्या उत्तरेला कालवे, ऊस आणि साखर कारखाने आहेत. दक्षिणेतल्या जामखेड-पाथर्डी पट्ट्यात पाऊस कमी, आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मोठ्या संख्येने. मुकादमाकडून उचल घेऊन हंगाम काढणाऱ्या घराची मजुरी, उसनवारी, पाण्याची वाट आणि दुकानातली उधारी सगळी गावातल्या चार माणसांवर अवलंबून असते. साक्ष दिली म्हणून कुणी मारायला येण्याची गरज नसते. कामाला बोलावणे थांबले तरी पुरते. फितूर होण्याला भ्याडपणा म्हणणे शहरात बसून सोपे असते.

नेवासा तालुक्यातल्या सोनई प्रकरणाची गोष्ट वेगळी घडली. १ जानेवारी २०१३ रोजी एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करणाऱ्या तीन मेहतर तरुणांची हत्या झाली. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून त्यांना वस्तीवर बोलावले होते, आणि कारण होते त्यांच्यापैकी एकाचे वरच्या जातीतल्या मुलीशी असलेले प्रेम. हा खटला नगरमध्ये चालला नाही, तो नाशिकला हलवण्यात आला. मुख्य आधार परिस्थितिजन्य पुराव्याचा होता. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. केवळ ठिकाण बदलल्याने सगळे साधले असे म्हणता येणार नाही. तरी गावाच्या नजरेपासून लांब जाऊन बोलणे आणि नजरेखाली बोलणे यांतला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

याच्या उलट सावधगिरीचा धडा पाथर्डी तालुक्यातल्या जवखेडे खालसाने दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका दलित कुटुंबातल्या तिघांची निर्घृण हत्या झाली आणि महाराष्ट्रभर जातीय अत्याचाराच्या निषेधाचे मोर्चे निघाले. पुढे पोलिसांनी अटक केली ती त्यांच्याच नातेवाइकांना. मोर्चेकऱ्यांचा संशय निराधार नव्हता, कारण त्याआधीच्या दोन वर्षांत सोनई आणि खर्डा घडले होते. पण तपासाआधीच हेतू ठरवून टाकला की काय होते, हेही तिथे दिसले.

हेतू सिद्ध करणे हाच या खटल्यांतला सर्वांत निसरडा भाग. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. आरोपींना शिक्षा झाली, पण गुन्हा जातीवरून झाला हे न्यायालयाने मान्य केले नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तेव्हा पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गंभीर गुन्हा घडल्याचे दाखवावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिथे ‘हे माहीत असताना’ अशी शब्दयोजना केली. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, हेही जोडले गेले. कुणाची जात काय हे ज्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, तिथे ही दुरुस्ती फार उशिरा आली.

ब्रिटनमध्ये हाच पेच दुसऱ्या टोकाने सोडवला गेला. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलीस तपासातल्या ढिलाईची चौकशी करणाऱ्या मॅक्फर्सन समितीने १९९९ मध्ये म्हटले की पीडिताला किंवा अन्य कुणालाही एखादी घटना वंशद्वेषाची वाटत असेल, तर पोलिसांनी सुरुवातीला तिची नोंद तशीच करावी. सिद्ध होणे-न होणे नंतर. आपल्याकडे बहुतेक वेळा नोंदीच्याच टप्प्यावर घासाघीस होते: अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लावायचे की नाही, समोरच्याचीही उलट फिर्याद घ्यायची का, गावातच तडजोड होते का. बीड जिल्ह्यातल्या दलित चळवळींचा अभ्यास करणारे सूर्यकांत वाघमोरे यांनी एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानासारख्या संघटनांवर लक्ष केंद्रित केले, ते यासाठीही महत्त्वाचे. पोलीस ठाण्यात बरोबर येऊन बसणारा कार्यकर्ता असेल, तर फिर्यादीचा कागद वेगळा होतो.

दुरुस्त अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचे, प्रवासखर्चाचे आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेलाही मान्यता दिली. त्या योजनेनुसार अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे करायचा, पण धोका किती याचा अहवाल पोलीस उपअधीक्षक देतात. आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचे असते. खर्ड्याचा खटला निकालापर्यंत पोचायला साडेतीन वर्षे लागली होती.