कवायतीत नको, धड्यात हवी

कवायतीत स्वतःची अक्कल चालवू नये, हे मी कॅडेट्सना आजही ठणकावून सांगतो. ‘दाहिने मुड’ ऐकलं की उजवीकडेच वळायचं. मग एनसीसीच्या शिक्षकाला कल्पकता लागते तरी कशाला, असं स्टाफरूममध्ये हमखास विचारलं जातं.

1948च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली. कॉलेजातली तुकडी सांभाळतो तो प्राध्यापकच. त्यासाठी आम्ही नागपूरजवळ कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेलो. आमच्या वेळी कोर्स तीन महिन्यांचा होता. कोणी भूगोलाचा, कोणी मराठीचा, पहाटे सगळे सारखेच घामाघूम! खरा कस लागायचा तो सहकाऱ्यांसमोर धडा घेताना.

‘अंतराचा अंदाज’ हाच धडा घ्या. शंभर मीटरचं अंतर मनात धरा आणि ते समोर किती वेळा मावतं ते बघा, अशी रीत. पण शंभर मीटर पोरांच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. आमच्यातल्या एकाने क्रिकेटच्या पाच पिच एकापुढे एक मांडायला सांगितल्या. एक पिच 22 यार्डांची, पाच झाल्या 110. म्हणजे शंभर मीटरला जेमतेम अर्धा मीटर जास्त. गल्लीत वाढलेल्या पोराला हे लगेच पटतं. पुढचा प्रश्न मात्र शिक्षकाने काढायचा: मध्ये नाला आला, जमीन दिसेनाशी झाली, तर? तिथे ही रीत फसते. मग प्रत्येकाचा अंदाज विचारून सरासरी काढायची.

नकाशावरच्या समोच्च रेषांनी तर भले भले गारद होतात. मी मूठ वळायला लावतो. बोटांच्या उंच सांध्यांभोवती बॉलपेनने एकाखाली एक वेढे काढायचे. सांधे ही शिखरं, दोन सांध्यांमधली खिंड, खाली उतरणारी बोटं म्हणजे सोंडा, मधल्या घळी. आता हात सपाट पसरा: झाला नकाशा. चढ उभा होता तिथे रेषा दाटीने बसलेल्या दिसतात. प्रोजेक्टरवर हे साधत नाही, असं माझं मत. (पेनाची शाई जेवणापर्यंत जात नाही, ही तक्रार मान्य.)

2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एनसीसी ऐच्छिक विषय म्हणून घ्यायला विद्यापीठांना सांगितलं. श्रेयांक आले की छापील नोट्स आल्याच. म्हणून नव्या अधिकाऱ्याला मी एकच धडा दोनदा घ्यायला लावतो, एकदा शहरातल्या पोरांपुढे, एकदा खेड्यातल्या. परवा एकजण खेड्यासाठी पिचऐवजी विजेचे खांब घेऊन आला. म्हटलं, सर, आधी दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून या.